मुंबई की पुणे? संसार मांडायचा कोठे?

यंदा गावच्या यात्रेला आमच्या घरात एक प्रश्न निघाला. तुमच्याही घरात तो आज ना उद्या निघणार आहे, कदाचित निघून गेलाही असेल. म्हणून घरची गोष्ट असली तरी ती तुमच्यापुढे मांडतो.

आम्ही माण तालुक्यातले. पावसाचा भरवसा नाही. बाजरी, मटकी, साधली तर शाळू. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला असायचाच. तो पैसे पाठवणार आणि बाकीची माणसे रान सांभाळणार. माझे वडील, म्हणजे आबा, १९५८ साली लालबागच्या एका गिरणीत लागले. त्यांच्या पाठचे भाऊ तात्या १९७२ सालच्या दुष्काळात घराबाहेर पडले, पण ते मुंबईला न जाता पिंपरीला गेले. तेव्हापासून आमच्या घराची एक फांदी मुंबईला आणि एक पुण्याकडे, अशी वाढली.

आता माझ्या पुतण्याचा प्रश्न. तो डिप्लोमा झालेला. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे, निगडीला तात्यांच्या घरी राहतो. त्याची बायको परळच्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे, कायम नोकरीत. ती लालबागला आबांच्या जुन्या खोलीत सासूसासऱ्यांजवळ राहते. लेकरू आठ महिन्यांचे. पोरगा शनिवारी रात्री मुंबईची गाडी धरतो आणि रविवारी रात्री परत फिरतो. लेकरू त्याला पाहून रडते, कारण त्याला बाप ओळखू येत नाही.

यात्रेला सगळे जमले तेव्हा विचार निघाला, की हे असे किती दिवस चालायचे? दोघांनी एका जागी राहावे, हे सर्वांना पटले. पण कोठे?

मुंबईची वाट कशी पडली

जुन्या माणसांना मुंबई म्हटले की परळ आणि लालबागच आठवते. त्याला कारण आहे. ताडदेवला कावसजी दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली गिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी, शिवडी हा सारा भाग गिरण्यांनी भरला आणि त्याला गिरणगाव हेच नाव पडले. तेथे राबायला गेला तो कोकणचा आणि घाटावरचा शेतकरी. रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि अहमदनगरकडची माणसे. गिरगावात आणि दादरला कारकून, शिक्षक, छापखानेवाले अशी पांढरपेशी मंडळी अधिक. कष्टकरी मात्र गिरणगावातच उतरला.

तो उतरला, पण एकटा. हे ध्यानात घ्या. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका सहाशेहूनही कमी होत्या. बायका कोठे होत्या? गावी होत्या, रानात. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला गेले आणि गिरणगावातच वाढले. गावाकडे राहिलेल्या मैनेवर त्यांनी छक्कड लिहिली. ती आपल्या बापजाद्यांना इतकी का भिडली, ते या एका आकड्यावरून कळते.

गाळा आणि खानावळ

आबा मुंबईला गेले ते गावच्या गाळ्यात. एका गावच्या किंवा एका भावकीच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली ती खोली. पंधरावीस माणसे, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. त्या खानावळी आपल्यातल्याच बायका चालवायच्या. कोणाचा नवरा आजारी, कोणाचा गेलेला. पंधरावीस डब्यांचा स्वयंपाक करून त्या घर चालवत. सावकाराच्या तावडीतून सुटता यावे म्हणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. गिरणगाव यंत्रांवर चालले खरे, पण त्या यंत्रांपुढच्या माणसाचे पोट या बायकांनी चालवले.

सरकारने १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. एकूण २०७ इमारती आणि एक खोली १६० चौरस फुटांची. आपल्या हिशेबाने सांगायचे तर एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एका गुंठ्यात अशा सहा खोल्या बसून वर जागा उरते. त्या एका खोलीत नवराबायको, चार मुले आणि दीरही राहत, वर गावचा पाहुणा असायचाच. संडास सगळ्यांचा मिळून एक, मजल्याच्या टोकाला.

आबांनी १९७५ साली पागडी भरून दहा बाय बाराची खोली घेतली. तरीही आई गावीच राहिली. आजीआजोबा म्हातारे, चार एकर रान, दोन बैल, एक म्हैस. कोण बघणार? १९७२ च्या दुष्काळात आई आम्हाला झाडाखाली बसवून खडी फोडायला जात होती, तेव्हाही आबा मुंबईतच होते. ते यात्रेला, दिवाळीला आणि पेरणीला येत. आम्ही त्यांना पाहुण्यासारखे बघत असू. ते निघाले की आई चुलीपुढे जाऊन बसायची आणि लाकूड ओले आहे म्हणायची.

सन १९८२

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्या दिवसांत ज्याचे गावी रान होते त्याने गाव गाठले. गावच्या बाजरीने कितीतरी घरे तगली. ज्यांचे गावी काही उरले नव्हते त्यांचे हाल कुत्र्याने खाल्ले नाहीत. गिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या. १९९१ साली नियम झाला होता, की गिरणीची जमीन विकायला काढली तर तिचा एक वाटा पालिकेला, एक घरबांधणीसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ साली त्यात बदल होऊन वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल कायम ठेवला. कामगारांच्या घरांसाठीची पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली. अर्ज दीड लाखाच्या घरात आणि घरे सात हजारांच्या आत.

आबा १९८३ साली गावी परतले ते कायमचे. खोली राहिली, ती माझ्या धाकट्या भावाकडे आली. तो आज ज्या इमारतीत लिफ्ट चालवतो ती एका जुन्या गिरणीच्या आवारात उभी आहे.

तात्यांची पिंपरी

पिंपरीला सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली काढला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या भागात मोटारी, स्कूटर, सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले. १९७० साली या गावांची नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. म्हणजे ज्या वर्षी गिरणगाव मोडले त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड शहर म्हणून कागदावर उभे राहिले.

तात्या आधी भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हेल्पर होते, पुढे मोठ्या कारखान्यात लागले. कामगारांना घरासाठी जागा मिळाव्यात म्हणून १९७२ साली तेथे नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले होते. तात्यांनी पोटाला चिमटा घेऊन निगडीला जागा घेतली आणि दोन खोल्या बांधल्या. काकूंना तर त्यांनी दुसऱ्याच वर्षी नेले. माझी चुलत भावंडे आईबापाच्या हाताखाली वाढली. शाळेतून आली की बाप दिसायचा. आम्हा भावंडांना हे सुख मिळाले नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

पण दुरून डोंगर साजरे. काकू सांगतात, पहिली पाच वर्षे त्या रडत होत्या. माळावरची वस्ती, शेजार नाही, दिवेलागणीनंतर बाहेर पडायची सोय नाही, दुखणे आले तर दवाखाना लांब. लालबागच्या चाळीत मात्र रात्री दोनला पोटात दुखले तरी तीन दारे उघडत. आणि दवाखाने म्हणाल तर परळात केईएम १९२६ पासून, वाडिया यांचे मुलांचे रुग्णालय १९२९ पासून आणि टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. आमच्या गावचा माणूस मोठ्या दुखण्याला तेथेच जातो. तेव्हा आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्याची पथारी पडतेच.

नावावर जाऊ नका, पत्ता विचारा

आता आजचे बघू. मुंबईला जायचे असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे दादर असते. पण आज नव्याने जाणाऱ्या पगारदाराला दादर, परळ, गिरगाव परवडत नाही. त्याच्या वाट्याला येते ती मुंबई बदलापूरला, नालासोपाऱ्याला किंवा पनवेलच्या पुढे असते. बदलापूर ते दादर साठ किलोमीटरच्या आसपास. जायला दीड तास, यायला दीड तास, तेही लोंबकळत. बाप निघतो तेव्हा मूल झोपलेले आणि परततो तेव्हाही झोपलेलेच. मग आमच्या आबांत आणि त्याच्यात फरक किती राहिला?

परळलाही गर्दी कमी नाही. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, माणसे वाढली, पण स्थानके आणि पूल जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेथल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. दुसरी बाजूही आहे. २०२५ साली गिरगावखालून भुयारी मेट्रो धावू लागली. त्याच साली वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळाले. ज्यांनी तीन पिढ्या खोली धरून ठेवली त्यांचे भाग्य उजळले. पण ते घर जुन्या रहिवाशाला मिळाले आहे, नव्याने जाणाऱ्याने त्याची आशा धरू नये.

पुण्याचेही तसेच. पुणे म्हणताना मनात सदाशिव पेठ असते आणि राहावे लागते मोशीला, चाकणला नाहीतर वाघोलीला. तेथे लोकल नाही, मोटारसायकलवाचून पान हलत नाही. वाहनांच्या रांगा मुंबईइतक्याच. काठावरच्या नव्या इमारतींना पाणी टँकरचे. घरभाडे मात्र मुंबईच्या मानाने पुष्कळ कमी, आणि माणला यायला एका सकाळचा रस्ता. आईबाप म्हातारे असतील तर ही गोष्ट लहान समजू नका.

कागद आधी, पैसा मागून

मुंबईत पागडीची खोली हातात असेल किंवा घेणार असाल तर भाडेपावती कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली आहे, पण खोली म्हणजे मालकीचे घर नव्हे. मालकाच्या संमतीवाचून आणि लेखी कराराशिवाय पैसे मोजू नका. भाडेकरू वारला तर हक्क त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे जातो. आपला माणूस तेथे खरोखर राहतो याचे पुरावे, म्हणजे रेशनकार्ड आणि मतदारयादीतले नाव, जपून ठेवा. पुनर्बांधणी होणार असेल तर मिळणाऱ्या घराचे फूट, तोवरचे भाडे आणि मुदत ही तिन्ही नोंदणी केलेल्या करारात आहेत का, हे वकिलाकडून वाचून घ्या.

पुण्याकडे भुलवतो तो गुंठा. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकणारे पुष्कळ भेटतात. सातबारा तुम्हाला वाचता येतो, मग तो शहरात का वाचत नाही? जमीन बिगरशेती झाली आहे का, रस्ता कागदावर आहे का, ते बघा. मोठ्या इमारतीतला फ्लॅट असेल तर २०१७ पासून प्रकल्पाची नोंद महारेराकडे करावी लागते. तो क्रमांक मागा.

आणि एक सांगतो. शहरातल्या घरासाठी पाण्याखालचे रान विकू नका. १९८२ ने आपल्याला एवढे तरी शिकवले आहे.

आईचे बोलणे

यात्रेच्या रात्री आमच्या घरी दोन तट पडले. तात्या म्हणाले, पोराने चाकण सोडू नये, सूनबाईने राजीनामा देऊन निगडीला यावे, घर आहे, ऊन आहे, वारा आहे. भाऊ म्हणाला, लालबाग सोडू नये, खोलीचे पुढेमागे घर होईल. दोन्ही बाजूंनी खूप बोलणे झाले. नातसून भांडी विसळत होती आणि लेकरू आईच्या मांडीवर होते. ऐंशी ओलांडलेली माझी आई तोवर गप्प होती. मग म्हणाली,

"तवा मला कुणी इचारलं न्हाई. मी पंचवीस वरसं हितं काढली. आता हिला तरी इचारा की रं."

सगळे गप्प झाले. पोरीने हात पुसले, बाहेर आली आणि आधी म्हणाली, "आजी, मी काय बोलू?" आई म्हणाली, "बोल. रुग्णालयात डाक्टरपुढं बोलतीस न्हवं?"

मग ती बोलली. तिने हिशेब मांडला तो असा. तिची नोकरी कायम, त्याची कंत्राटाची, आणि अशी दोन कंत्राटे त्याची याआधी संपली आहेत. तिने सोडली तर ही नोकरी पुन्हा मिळणे नाही, त्याच्या हातात मात्र कसब आहे आणि ते कोठेही चालेल. तिला रात्रपाळी असते, तेव्हा लेकराजवळ माणूस हवे. लालबागला सासू आहे. निगडीला काकू आहेत, पण त्यांचेच गुडघे चालत नाहीत. मात्र दहा बाय बारात पाच माणसे नकोत, भाड्याने वेगळी खोली हवी, लहान असली तरी चालेल, चालत जाण्याच्या अंतरावर. शेवटी ती म्हणाली, "आणि हे चुकलं असं पाच वर्षांनी वाटलं, तर मी पुण्याला यायला तयार आहे. पण तेव्हा दोघं मिळून ठरवू."

तात्यांनी सुपारी कातरता कातरता विचारले, "म्हणजे नवऱ्यानं बायकोच्या नोकरीमागं जायचं?" पुतण्याच म्हणाला, "आजोबा, आजवर बायका आल्याच की आमच्यामागं."

तात्या हसले. रागावलेही असतील थोडे. पण सकाळी निघताना त्यांनीच नातसुनेच्या हातावर खोलीच्या डिपॉझिटासाठी म्हणून पैसे ठेवले.

आज पुतण्या कुर्ल्याला मोटारींच्या एका वर्कशॉपमध्ये आहे. पगार चाकणपेक्षा चार हजारांनी कमी. काळाचौकीला एक खोली घेतली आहे आणि भाडे जड जाते. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. पण लेकरू आता बापाला बघून रडत नाही.

तुमचे काय?

यावरून सगळ्यांनी मुंबई धरावी असे समजू नका. सूनबाईला नोकरी नसती आणि पुतण्याचे काम कायम असते, तर आम्ही डोळे मिटून निगडी म्हटले असते. घरोघरी मातीच्या चुली असल्या तरी प्रत्येक चुलीचे सरपण वेगळे. म्हणून शहराच्या नावावर वाद न घालता तुमच्या घरात या पाच गोष्टी विचारा. दोघांतले पक्के काम कोणाचे? राहणार त्या पत्त्यापासून कामाला जायला किती वेळ? लेकरू आणि दुखणे आले तर जवळचे माणूस कोण? भाडे किंवा हप्ता देऊन हाती काय उरते? आणि गावचे रान कोण बघणार?

पाचही प्रश्नांची उत्तरे आधी घरातल्या बाईला विचारा आणि मग बाकीच्यांनी बोलावे. आमच्या घराला हे कळायला तीन पिढ्या लागल्या. तुम्हाला तेवढा वेळ लागू नये, म्हणून हे लिहिले.